साफसफाई कोण करणार, मारिनेत्ती?

सर, तुम्ही मला ओळखणार नाही. दोन महिन्यांपूर्वी कल्याणात तुमचं व्याख्यान झालं. विषय होता आधुनिक चित्रकलेतलं युद्ध, यंत्र आणि गती. शेवटून दुसऱ्या रांगेत एक जण बसला होता, रातपाळी करून न झोपता आलेला, केसात कापसाची तूस घेऊन. प्रश्न विचारला तो मी. प्रश्न एवढाच होता, की या चित्रांतलं यंत्र चालवतं कोण? तुम्ही हसलात. म्हणालात, आधी चित्र पाहायला शिका, मग चित्राला प्रश्न विचारा. सभागृह पण हसलं. नंतर चहाच्या टेबलापाशी एका बाईंनी मला विचारलं, कप उचलायला केव्हा घेणार?

तर सर, शिकलो. दोन महिने शिकलो. लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातात मोबाईल धरून शिकलो. कल्याणच्या वाचनालयात उभं राहून शिकलो. आता हे लिहितोय. दोस्तांनो, या अंकात चित्रं छापता येत नाहीत. स्टेन्सिलवर सगळंच निळं-काळं होतं, शाई पाठच्या पानावर उतरते. म्हणून चित्रं शब्दांत सांगतो. आपल्याला तशीही ती कोणी दुसऱ्या रीतीने दाखवलेली नाहीत.

सुरुवात सरांनी केली तिथूनच करू. २० फेब्रुवारी १९०९. पॅरिसच्या 'ल फिगारो'त पहिल्या पानावर फिलिप्पो मारिनेत्ती नावाच्या इटालियन कवीचा जाहीरनामा आला. भविष्यवाद सुरू झाला. जुनं सगळं जाळा, संग्रहालयं बुडवा, धावती मोटार पुराण्या पुतळ्यापेक्षा सुंदर आहे, असा सगळा सूर. खोटं कशाला बोलू, मला आधी आवडलं. जुनं जाळा म्हटलं की आपलं रक्त उसळतं. आपण १९२७ साली महाडला एक पुस्तक जाळलेलं आहे. मला वाटलं, हा आपला माणूस.

पण पुढे वाचलं. त्याच जाहीरनाम्यात युद्धाचा गौरव आहे. युद्ध म्हणजे जगाची स्वच्छता, असं त्या गृहस्थाचं म्हणणं.

स्वच्छता!

सर, तुम्ही हा शब्द स्लाईडवर वाचलात आणि पुढे गेलात. तुमची जीभ अडली नाही. आमच्या घरात हा शब्द असा सहज जात नाही. माझा पणजोबा दुसऱ्या महायुद्धात भरतीला गेला होता. छाती भरली नाही म्हणून परत पाठवला. मग एका मुकादमाने त्याला लष्करी छावणीत झाडूकामाला लावला. आजी सांगायची, "बंदूक मागाया गेला आन् झाडू घिऊन आला." युद्ध संपलं, छावणी उठली, काम गेलं. झाडू घरात राहिला. मारिनेत्तीसाहेब, जगाची स्वच्छता करायची असेल तर जरूर करा. पण स्वच्छता करणाऱ्या माणसाला तुम्ही कधी जवळून पाहिलंय का? तो जाहीरनामा लिहीत नाही.

त्याच जाहीरनाम्याच्या सुरुवातीला एक गोष्ट आहे. मारिनेत्ती मित्रांबरोबर मोटार उधळत चाललाय. समोर दोन सायकलवाले येतात. मोटार कलंडते आणि कारखान्याच्या घाण पाण्याच्या खड्ड्यात पडते. त्या गाळाची चव त्याला पौष्टिक वाटते. त्याला लहानपणी दूध पाजणारी काळी सुदानी दाई आठवते. मग लोक येतात, त्याची मोटार ओढून वर काढतात. आणि हा नवा माणूस होऊन जगाला उपदेश करायला लागतो.

गटारात पडून बाहेर आला आणि कवी झाला. आमच्याकडे गटारात उतरतात ते बाहेर येतात का, ते विचारा. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, पुन्हा २०१३ साली झाला, आणि माणसं अजून टाकीत गुदमरून मरतात. तो गाळ पौष्टिक नसतो साहेब. त्यात गॅस असतो. आणि ती दाई? तिच्या दुधावर वाढला, तिचं नाव नाही. मोटारीचा जयजयकार करणाऱ्याला मोटार वर काढणाऱ्यांचीही नावं आठवत नाहीत. एवढ्या एका पानात यंत्र चालवतं कोण याचं उत्तर आहे. तुम्ही तेवढं सांगितलं असतं तरी मी खाली बसलो असतो.

आता गती. जाकोमो बाल्लाचं १९१२ सालचं चित्र. एक बाई कुत्र्याला फिरवायला निघालीय. कुत्रा आखूड पायांचा, काळा. चालताना पाय हलतात म्हणून बाल्लाने एका पायाचे दहा पाय काढलेत. शेपटी पंख्यासारखी. साखळी चार ठिकाणी झुलतेय. बाईच्या घोळाखाली पावलांचा ढीग. माणसाची, प्राण्याची हालचाल एकापाठोपाठ एक टिपणारे फोटो तेव्हा निघाले होते, मारे नावाच्या फ्रेंच माणसाने त्यावर पुष्कळ काम केलं होतं. त्यावरून हे आलं. चित्र मजेशीर आहे, हसू येतं. त्याच वर्षी त्याने एका व्हायोलिनवाल्याचा हात काढला. एकच हात, पण बोटंच बोटं, तारांवर सरकत जाणारी.

मी भिवंडीला लूमवर आहे. साध्या लूमचा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे जातो. कानात दुसरं काही शिरत नाही, आम्ही खुणांनी बोलतो. एका माणसाकडे चार-चार, सहा-सहा लूम. तार तुटली की धाव, कांडी संपली की धाव. बाल्लाने मला काढला तर माझे पण वीस हात निघतील, कबूल. पण तीन वर्षांपूर्वी एका पहाटे पट्ट्यात हात गेला. डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. तिथल्या तिथे चिंधी बांधली आणि पाळी पुरी केली, कारण अर्धी पाळी म्हणजे खाडा. गतीने व्हायोलिनवाल्याची बोटं वाढली. माझी साडेनऊ झाली. याला चित्रकलेत काय म्हणतात?

पण हे माझं एकट्याचं रडगाणं झालं. मुद्दा त्याहून मोठा आहे. पावलांचा ढीग बघताना माझ्या डोक्यात दुसरंच चित्र आलं. पेशवाईतलं पुणं. अस्पृश्याच्या कमरेला मागे झाडू बांधलेला, चालताना त्याच्याच पावलांचे ठसे पुसत जाणारा. गळ्यात मडकं. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या त्या न झालेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. बघा आता दोन्ही चित्रं शेजारी ठेवून. तिकडे चालणाऱ्याचं एकेक पाऊल दहा वेळा काढतात. इकडे माणूस चालून गेला याचा पुरावा राहू नये म्हणून त्याच्याच पाठीला झाडू. गतीची एवढी मोठी चित्रकला, आणि गती कोणाची मोजायची नाही यावर एक शब्द नाही.

आमच्या इतिहासात चालणं हीच बंडखोरी आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याकडे निघालेली रांग आठवा. त्यात एकही इंजिन नव्हतं.

आणि वाहन म्हणाल तर १९२९ सालचं चाळीसगाव. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावर. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार नाही. टांगा भाड्याने देतो, पण हाकणार नाही. मग आपल्याच एका माणसाने लगाम धरला, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक आपटलं, टांगा उलटला, बाबासाहेब खाली पडले, पाय मोडला. एवढा शिकलेला बॅरिस्टर, आणि त्याच्या जिवाची किंमत एका टांगेवाल्याच्या विटाळापेक्षा कमी. मारिनेत्तीची मोटार पण कलंडली, हा टांगा पण उलटला. तिकडे जाहीरनामा निघाला. इकडे टांगेवाल्याची जात शाबूत राहिली. चित्रकारांनो, हा विषय गतीत बसतो की नाही?

आता आगगाडी. जीनो सेवेरिनीची १९१५ सालची दोन चित्रं सरांनी दाखवली. एक चिलखती गाडी, तोफ आणि एका रांगेत बंदुका रोखलेले सैनिक, सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे, चेहरे नाहीत. दुसरं, पॅरिसमध्ये शिरणारी उपनगरी गाडी. धूर, घरं, डबे यांचे तुकडे-तुकडे, सगळे एकमेकांत घुसलेले. सेवेरिनी आजारी होता, लढाईवर गेला नाही. त्याच्या स्टुडिओच्या खिडकीखाली स्टेशन होतं. तिथून तो गाड्या बघायचा.

खिडकी! तेच म्हणतोय मी. वेग खिडकीतून सुंदर दिसतो.

मी पण उपनगरी गाडीत असतो सर. कसारा लोकल. आमच्या खडवलीला गाड्या मोजून. एक चुकली की पुढची केव्हा ते विचारायचं नाही. रविवारी मुंबईची माणसं भातसा नदीत डुंबायला उतरतात तेव्हा स्टेशनवर जत्रा असते, बाकी सहा दिवस आम्ही असतो. सकाळच्या गाडीत आत शिरायला मिळत नाही, दारात एक पाय मिळतो. दारातून घरं तुकडे-तुकडे दिसत नाहीत. दारातून खांब दिसतो. पुढचा खांब कुठे आहे हे पाठ असतं, तिथे डोकं आत घ्यायचं. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या मध्ये दोन लोकल वळणावर शेजारून गेल्या, आणि दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. चार त्याच दिवशी मेली. मी त्या गाडीत नव्हतो. पण त्या दारात रोज असतो. सेवेरिनीच्या चित्रातली गाडी तुकड्यांत फुटते ती रंगांची करामत. आमच्या रुळावर तुकडे म्हणजे तुकडे.

टर्नरने १८४४ साली पाऊस-वाफेतून धावत येणारी आगगाडी रंगवली, ती म्हणे या सगळ्याची आजी. त्याच १८४४ साली जर्मनीत सायलेशियाच्या विणकरांनी उपासमारीला कंटाळून उठाव केला. पन्नास वर्षांनी कॅथे कोलवित्झ या बाईने त्या विणकरांवर चित्रमाला केली, १८९३ ते १८९७. माग, उपाशी मूल, गुपचूप बैठक, मोर्चा, आणि शेवटी घरात आणून ठेवलेली प्रेतं. कैसरने तिला पदक नाकारलं. पहिल्या महायुद्धात पहिल्याच महिन्यांत तिचा मुलगा मेला. मग तिने १९२२-२३ मध्ये युद्धावर लाकडी ठशांची चित्रं केली. त्यात ना तोफ ना विमान, नुसती माणसं, आई, बाप, पोरं. सर, तुमच्या सव्वा तासात या बाईचं नाव आलं नाही. तिच्याकडे गती नाही म्हणून? की तिच्याकडे विणकर आहेत म्हणून?

युद्धात गेलेल्यांचं काय झालं ते पण ऐका. बोच्चोनी, ज्याने माणसाला हवेत वितळणाऱ्या पोलादासारखं घडवलं, तो हौसेने सैन्यात भरती झाला आणि १९१६ साली सरावात घोड्यावरून पडून मेला. यंत्राच्या भक्ताला घोड्याने मारला. मला वाईट वाटतं, खरंच वाटतं. त्याचं 'वर चढणारं शहर' हे १९१० चं चित्र मला त्या सगळ्यांत खरं वाटतं. लाल घोडा आणि त्याला आवरताना फरफटत जाणारे मजूर. तिथे निदान ओझं ओढणारे दिसतात.

इंग्रज नेव्हिन्सन आधी मारिनेत्तीचा चेला. युद्धात जखमींची गाडी चालवली आणि नशा उतरली. १९१५ साली त्याने मशीनगनवाले सैनिक काढले, ते स्वतःच मशीन झालेले. १९१७ साली चिखलात, काटेरी तारेत पालथे पडलेले दोन मेलेले सैनिक काढले. सरकार म्हणालं, दाखवायचं नाही. त्याने चित्रावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर सेन्सॉर झालं असं लिहिलं, आणि तसंच टांगलं. शाब्बास! हा माणूस शिकला. फर्नां लेजे खंदकात राहिला, खाण कामगारांत, मजुरांत. १९१७ मध्ये पत्ते खेळणारे सैनिक काढले, हात-पाय सगळे पाईपचे. मला लेजे कळतो. सोळा तासांची दुहेरी पाळी झाली की माझे पण गुडघे पाईपचे होतात. पण मला राग येत नाही असं नाही. लेजेला तोफेच्या चकचकीत धातूवर पडलेलं ऊन आवडलं. ते ऊन तोफ पुसणाऱ्याला नसतं आवडत.

आणि या सगळ्या खंदकांत आपली माणसं कुठेयत? पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांवर माणसं समुद्रापार गेली. या युद्धासाठी इथून पाच लाखांहून जास्त माणसं बिनलढाऊ नोकर म्हणून भरती झाली. खेचरं हाकणारे, भिस्ती, धोबी, स्वयंपाकी, झाडूवाले, हमाल. त्यांना शिपायाचा मान नाही. जगाची स्वच्छता चालली होती ना, मग झाडूवाले लागणारच!

महारांची लष्करभरती १८९२ च्या सुमारास बंद केली. लढवय्या जातीच नाहीत म्हणे. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहून टाचा झिजवल्या. १९१७ साली युद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ ला मोडली. पुन्हा युद्ध आलं, १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. दार उघड, दार लाव. हेच आमचं आधुनिक युद्ध, हीच आमची गती. या दारावर मला एकही मोठं चित्र दिसलेलं नाही.

आता मुंबईत येऊ, कारण सर युरोपातून परत आलेच नाहीत. मुंबईला आधुनिक चित्रकला युद्धानेच आणून सोडली. हिटलरच्या तावडीतून निसटलेले लँगहॅमर, श्लेसिंगर इथे आले, लायडन आधीपासून होता. त्यांच्या घरातली पुस्तकं, छापील चित्रं बघून इथली पोरं तयार झाली. १९४७ साली सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला, १९४९ ला प्रदर्शन केलं. त्याआधी शहराने काय पाहिलं होतं? १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक. 'फोर्ट स्टिकिन' बोट, पोटात कापसाच्या गासड्या आणि वर सुमारे चौदाशे टन दारूगोळा. कापूस पेटला. बोट फुटली. शेकडो माणसं गेली, त्यांत आग विझवणारे ६६ बंबवाले. त्या दिवशी बाबासाहेबांना त्रेपन्न वर्षं पुरी झाली होती आणि ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. युद्ध, यंत्र, गती, सगळं एका दुपारी मुंबईच्या गोदीत. कापूस पण! मोठ्या चित्रकारांच्या मोठ्या पुस्तकांत हे शोधा. स्त्रिया आहेत, घोडे आहेत, देवळं-चर्चं आहेत, फुलदाण्या आहेत.

फेब्रुवारी १९४६ ला नाविकांनी बंड केलं, गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून जास्त मेले. ते चित्तप्रसादने काढलं. बंगालच्या दुष्काळात पायी फिरून उपाशी माणसं काढणारा हा बंगाली, पुढे मुंबईत अंधेरीला राहिला, लिनोवर कोरायचा, काळ्या शाईत छापायचा. स्वस्त, आपल्या या अंकासारखं. त्याला लिलाववाले फार उशिरा भेटले.

इथे एक गोष्ट कबूल करतो. प्रोग्रेसिव्हांतला कृष्णाजी आरा. ड्रायव्हरचा पोर, लहानपणी मुंबईला पळून आलेला, घरकाम केलं, मोटारी धुतल्या. मारिनेत्ती मोटारीचं गाणं गातो, हा मोटार पुसतो. मला वाटलं, याने तरी मोटार रंगवली असेल पुसणाऱ्याच्या डोळ्यांनी. पण आरा ओळखला जातो फुलांसाठी. फुलदाण्या, फळं, नग्न स्त्रिया. मी आठवडाभर त्याच्यावर चिडून होतो. मग एका सकाळी पाळीवरून आलो, तर आईने डबड्यात लावलेली अबोली फुलली होती. तिच्यापाशी बसून राहिलो. लूमचं चित्र मला कोणी फुकट दिलं तरी मी घरात लावणार नाही. आराला मी काही बोलणार नाही. तुम्ही बोला.

आणि ठाण्यात काय झालं? १९७५ पासून तीस वर्षं तिथे एक्स-रे काढणारा डॉक्टर, सुधीर पटवर्धन. त्यांनी लोकल, पूल, इराणी हॉटेल, बांधकामावरचे मजूर, गिरणगाव रंगवलं. २००१ चं 'लोअर परळ' बघा. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगारांचा संप झाला, आणि त्यानंतर गिरण्यांची जी माती झाली ती कळते. डॉक्टर आमच्यातले नाहीत. त्यांचा कामगार बघताना मी जात शोधतो, ती सापडत नाही, आणि तिथे माझं भांडण आहे. पण एक गोष्ट त्यांना कळलीय जी बाल्लाला नाही कळली. त्यांचा कामगार उभा असतो. जड. हात खाली सोडलेले. दमलेला माणूस हलत नाही सर. गती त्याने दिवसभर दुसऱ्याला दिलेली असते.

नागपूरच्या सवी सावरकरांनी ते गळ्यातलं मडकं आणि झाडू काढला. जाडजूड काळ्या रेघेत. आपल्यातल्या माणसाने. तुमच्या स्लाईडमध्ये तो का नव्हता? तो पण चालणाऱ्या माणसाचं चित्र आहे. युरोपचा बाल्ला घेतलात, नागपूर लांब पडलं?

सर, रागावू नका, किंवा रागवा. माझी सुट्टी रविवारी असते. कसारा लोकलने खडवलीला उतरा, नदीकडे जाणाऱ्यांची गर्दी सोडून उलट्या बाजूला या, कोणीही वाडा दाखवील. स्लाईडचं यंत्र घेऊन या. आमच्या समाजमंदिराची एक भिंत पांढरी आहे, नुकताच चुना मारलाय. वायर आम्ही ओढून देऊ. चहा आई करील, कप तुमचे तुम्ही उचला. चित्रं या वेळी मी निवडतो.